चार बोटांचा पंजा

तलवार घरात आली तेव्हा मी अंगणात सुकेळी उलटत होते. राजेळी केळी सोलून चटईवर वाळत घातली की दिवसातून दोनदा उलटावी लागतात, नाहीतर खालची बाजू काळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. फाटकाची कडी वाजली. वर पाहिलं तर सासरे. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. मला वाटलं, पंपाचा पाइप.

"आबा, मिळाला का व्हॉल्व्ह?" मी विचारलं.

आबा ओट्यावर बसले. पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेले. वसईहून आमच्या वाडीकडे येणारी दुपारची एसटी अजून यायची होती, म्हणजे ते चालत आले होते. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ते पाणी प्याले, पंच्याने तोंड पुसलं आणि गोणपाट सोडलं.

"हे काय?"

"तलवार."

"ते दिसतंय. पंपाचं काय?"

"पंपाचं राहिलं," आबा म्हणाले आणि मुठीवरचा गंज अंगठ्याने घासू लागले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझ्या लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती. वसईच्या पश्चिमेला, कळंबच्या वाटेवर आमची वाडी. केळी, थोडी पानवेल, कुंपणाला अबोली आणि मोगरा. यजमान मुंबईत कचेरीत नोकरीला. वाडी आबा बघत आणि पैसे मी. सासूबाईंनी त्यांच्या हयातीतच पैशांचा डबा माझ्या हातात दिला होता. "ह्यांच्याकडे देऊ नकोस, हे कुणालाही नाही म्हणत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या गेल्या, डबा माझ्याकडेच राहिला.

विहिरीवरचा पंप आठवडाभर बंद होता. मोटार जळली होती आणि खालचा व्हॉल्व्ह गळत होता. दोन्ही कामांचे पैसे मी त्या दिवशी सकाळी आबांना मोजून दिले होते. ते सगळे गेले होते. एसटीच्या तिकिटापुरतेही उरले नव्हते. आकडा मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. त्या काळात तेवढ्यात काय काय झालं असतं याची यादी माझ्याकडे तयार होती, पण आबांच्या पायांवरची धूळ बघून ती मी मनातच ठेवली.

आबांनी स्वतःसाठी काही विकत घेतल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांच्या बंड्यासुद्धा मी आणायची. दिवाळीला नवीन धोतर दिलं की ते विचारत, "जुन्याला काय झालं?" असा माणूस पंपाच्या पैशात तलवार घेऊन आला. आणि तीही गंजलेली, धारेला एक खाच पडलेली. मुठीवर वाटीसारखी चकती होती आणि तिच्यावर कधीकाळी काही नक्षी असावी.

"पण कशाला, आबा?"

त्यांनी थोडा विचार केला. मग उजव्या हातात तलवार धरली आणि हात माझ्यासमोर केला. "बघ," ते म्हणाले.

मला काही दिसलं नाही. म्हातारा माणूस आणि त्याच्या हातात तलवार. मी म्हटलं, "जेवायला वाढते."

आबांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, केळीचा लोंगर उतरवताना कोयता निसटला होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. तो हात बहुतेक वेळा पंच्याच्या घडीत असायचा. आमच्या लग्नाच्या फोटोतही आबांचा उजवा हात पाठीमागे आहे. वर्षानुवर्षं बघून मलाही तो हात दिसेनासा झाला होता, म्हणून त्या दुपारी "बघ" म्हटल्यावरही मी पाहिलं नाही.

संध्याकाळी यजमान आले. तलवार ओट्यावरच्या खांबाला टेकून उभी होती.

"ही कुणाची?"

"आबांची," मी म्हटलं.

"आणि पंप?"

मी स्वयंपाकघरात गेले. अशा वेळी मधे उभं राहण्यात अर्थ नसतो. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"आबा, किती दिले?"

ओट्यावर पंचा झटकल्याचा आवाज आला.

"म्हणजे सगळे दिले. त्या किल्ल्याकडच्या मोडवाल्यानं भंगारातला तुकडा तुमच्या गळ्यात मारला. तुम्ही भाव केला की नाही?"

"केला."

"हा भाव? अहो, तुम्ही व्यापाऱ्याला चार आण्यांसाठी दोन तास बसवून ठेवता."

 मग यजमान हळू आवाजात म्हणाले, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं: "आबा, आता वय झालं. पुढच्या रविवारी केळीवाला येईल तेव्हा सौद्याला मी बसेन. तुम्ही आराम करा."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. वाडीचा सौदा आबांकडून काढून घ्यायचा, हा विषय घरात आधीही निघाला होता. आबांना संध्याकाळी नीट दिसत नाही, आबा व्यापाऱ्याला उधार देतात, असं काही ना काही निघायचं आणि विरायचं. आता पुरावा ओट्यावर उभा होता. आबांकडून वाडीतली खोदाई गेली होती, पाणी धरणं गेलं होतं. सौदा तेवढा राहिला होता. तो गेला असता तर ते सकाळी उठून काय करणार होते, मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याची कोळीण दारात टोपली उतरवून म्हणाली, "वहिनी, सासऱ्यानं तलवार आनली म्हनं? आता माझ्या बोंबलांचा भाव तलवारीनं करनार काय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आख्ख्या रस्त्यानं खांद्यावर टाकून आले. दुपारचं कोन झोपलेलं असतं गं?"

म्हणजे गावभर झालं होतं. मी ठरवलं, तलवार परत करायची. पैसे आले की पंप होईल, पंप झाला की विषय संपेल आणि रविवारी आबा आपल्या जागी बसतील. सरळ हिशेब होता.

आबांना सांगितलं, "वसईला जाते. तलवार घेऊन जाते."

ते पानवेलीच्या काठ्या बांधत होते. "परत करायला?"

मी "साफ करून मिळते का बघते" असं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. पण त्यांच्या समोर खोटं नीट येईना. "हो," मी म्हटलं.

आबा उठले, ओट्यावर गेले आणि तलवार घेऊन आले. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. विळीसुद्धा खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. त्यांनी तलवार माझ्यासमोर जमिनीवर ठेवली, क्षणभर वाकलेलेच राहिले आणि मग वेलींकडे निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही.

मी ती चटईत गुंडाळली आणि एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "बाई, काय आहे त्यात? छत्री?"

"हो. मोठ्या माणसाची आहे."

त्याने वरून खालपर्यंत पाहिलं आणि तिकीट एकच फाडलं.

दुकान किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. जुनी घरं मोडली की तिथलं सामान या दुकानात येई: पितळी घागरी, शिसवी खाटा, बंद पडलेली घड्याळं, कुठल्याशा ख्रिस्ती घरातल्या अल्तारावरच्या मेणबत्त्यांच्या दिवट्या. सगळे त्याला मोडवाला म्हणत, आणि त्याला ते चालत असे. चाळिशीचा माणूस होता. मी चटई काउंटरवर सोडली तेव्हा त्याने तलवारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबांच्या कोण तुम्ही?"

"सून. तुम्ही त्यांना लुबाडलंत."

मला वाटलं होतं तो आवाज चढवेल. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. "बसा. मी भाव तोंडानं बोललोच नाही, बाई."

"मग?"

"त्या वेळी दुकानात मुंबईचा एक साहेब होता. सफारीतला. त्याचाही डोळा हिच्यावर. बाबांनी त्याला बघितलं आणि पंचा पुढे केला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातल्या जुन्या व्यापारात भाव तोंडाने बोलत नसत. आजूबाजूला दहा लोक उभे असतात, एकाने ऐकला की सगळ्यांचा तोच भाव होतो. म्हणून दोघं पंच्याखाली हात घालत. ज्याला भाव सांगायचा तो दुसऱ्याची बोटं धरतो. दोन बोटं धरली म्हणजे दोन, पूर्ण पंजा धरला म्हणजे पाच. एका बोटाचे किती, दहा की पन्नास की शंभर, ते आधी एका शब्दात ठरतं. पटलं नाही तर समोरचा उलट बोटं धरतो. पटलं तर हात काढून घ्यायचा. हात बाहेर आला की सौदा झाला, मग तो मोडत नाही. आणि पंच्याखाली काय ठरलं ते बाहेर कुणाला सांगायचं नाही, घरातसुद्धा. आबा सगळे सौदे असेच करत.

"तुम्हाला कसं येतं हे?" मी मोडवाल्याला विचारलं.

"माझा बाप सुक्या मासळीचा व्यापारी. लहानपणापासून हेच बघितलं. बरं वाटलं मला, किती वर्षांनी कुणी पंचा पुढे केला. मी पंजा धरला. पाच. मी म्हटलं आता ते तीन धरतील, मग चारावर येऊ. आम्ही पहिला भाव चढाच सांगतो. तर बाबांनी हातच काढून घेतला. खुशीत. मलाच कळेना."

मला तेव्हा कळलं. पण त्याच्या तोंडून यावं म्हणून मी थांबले.

"मग पैसे द्यायला लागले," तो म्हणाला. "चार दिले आणि थांबले. मी म्हटलं, बाबा, पाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं." तो काउंटरवरची धूळ बोटाने पुसू लागला. "करंगळीची जागा मला पंच्याखालीही लागली होती. पण घाईत ध्यानात आलं नाही. त्यांच्या नेहमीच्या लोकांत पूर्ण हात धरला की चारच होत असणार."

"चारच होतात," मी म्हटलं.

"मी बोलणार होतो. पण साहेब बाजूला उभा. आणि बाबांनी पाचवाही काढून ठेवला. एक शब्द नाही. तलवार उचलली आणि गेले. आता ते बोलत नाहीत तर मी काय बोलू? बाबा, तुम्हाला बोट कमी आहे, असं म्हणू?"

दुकानात घड्याळं बरीच होती, पण चालू एकही नव्हतं, त्यामुळे फार शांत वाटलं. आबा दोन शब्द बोलले असते तर पैसे परत मिळाले असते. पण त्यासाठी हात वर करून दाखवावा लागला असता. त्यापेक्षा त्यांनी नसलेल्या बोटाचेही पैसे मोजले आणि चालत घरी आले. आणि यजमान जेव्हा "भाव केला की नाही" म्हणून विचारत होते, तेव्हाही ते हे बोलले नाहीत.

मोडवाल्याने गल्ला उघडला. "एका बोटाचे परत घेऊन जा. माझंही मन खातंय. नाहीतर तलवार ठेवा, सगळे देतो."

मी पैशांकडे पाहिलं. त्यात व्हॉल्व्ह नक्की आला असता. पण ते डब्यात टाकले की यजमान विचारणार, कुठून आले? मग सगळंच सांगावं लागलं असतं: पंजा, बोट, सफारीतला साहेब. आबा निर्दोष ठरले असते आणि त्यांचा हात घरभर झाला असता. आणि सगळे परत घेतले तर तलवार जाणार. मला पुन्हा ते वाकून तलवार जमिनीवर ठेवणं दिसलं. मग एकदम ते "बघ" आठवलं. मी काउंटरवरची तलवार उचलली. माझा हात लहान, तरी मुठीत चारही बोटं बसेनात. करंगळी बाहेर राहत होती.

"जुन्या तलवारींच्या मुठी अशाच असतात," मोडवाला म्हणाला. "सगळे तक्रार करतात. बाबांनी हातात घेतली आणि दहा मिनिटं खाली ठेवली नाही."

आबांच्या हाताला मापाने बसणारी वस्तू तोवर जगात झाली नव्हती. कोयता, फावडं, सगळं पाच बोटांच्या माणसाचं. ही मात्र तीन बोटं आणि अंगठा धरून बनवली होती. एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

"म्यान आहे का हिचं?" मी विचारलं.

"हिचं नाही. पण एखादं बसेल."

त्याने खाटेखालून चार-पाच म्यानं ओढली. धूळ, कोळिष्टकं. एक लाकडी म्यान होतं, वरचं मखमल निम्मं उडालेलं. तलवार त्यात अर्ध्यावर अडली, मग त्याने थोडं खोबरेल सोडलं आणि ती सरकली.

"हे किती?" मी विचारलं.

मोडवाला हसला. "बाई, हे त्या बोटात आलं."

"मग तुम्ही हे त्या दिवशी द्यायला विसरला होतात."

त्याला एक क्षण लागला. "विसरलो होतो," तो म्हणाला. "विसरभोळाच आहे मी."

घरी आले तेव्हा आबा वेलींपाशीच होते. मी म्यानासकट तलवार जमिनीवर ठेवली. ते पंच्याला हात पुसत आले.

"घेतली नाही त्याने?"

"मीच नाही दिली. हे म्यान तो द्यायला विसरला होता."

"विसरला?"

"हो."

आबांनी म्यान फिरवून पाहिलं. मखमलीवरून बोट फिरवलं. तलवार थोडी ओढली, परत आत सारली. "होतं असं," ते म्हणाले. "वय झालं की."

मोडवाला त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान होता. मी चहा टाकायला गेले.

रविवार आला. यजमानांनी सकाळीच स्वच्छ सदरा घातला. आबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दोरी वळत बसले. तलवार आत, खाटेखाली. ती खुंटीला लावायला कुणी सांगितलं नाही आणि कुणी लावली नाही.

केळीवाला विरारहून टेम्पो घेऊन यायचा. आबांच्याच वयाचा, तोंडात कायम पान. वाडीत फेरी मारून, लोंगर टिचकीने वाजवून तो ओट्यावर आला आणि सवयीने आबांसमोर बसला.

"आज मी," यजमान म्हणाले.

केळीवाल्याने आबांकडे पाहिलं. आबा दोरी वळत राहिले.

"बरं," तो म्हणाला आणि पंचा पसरला.

"तोंडीच बोला की. लपवायचं काय त्यात?"

"भाऊ, तुमच्या कुंपणाला शेजारी कधीपासून मोगरा बघत उभा आहे. मोगरा संपला, तो नाही संपला."

यजमान हसले आणि हात पंच्याखाली घातला. केळीवाल्याने काहीतरी पुटपुटून बोटाचा भाव ठरवला. पंचा हलला. यजमानांचा चेहरा उजळला. त्यांनी हात काढून घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, पाच मिनिटांत झालं.

लोंगर टेम्पोत चढले. केळीवाल्याने कनवटीचे पैसे काढून ओट्यावर ठेवले. यजमानांनी मोजले.

"हे कमी आहेत. पाच ठरले होते."

"चार."

"तुम्ही पंजा धरलात. पूर्ण. माझी पाचही बोटं."

केळीवाल्याचं पान चघळणं थांबलं. "हो, पण... भाऊ, ह्या ओट्यावर पंजा म्हणजे चार. पहिल्यापासून. पाच पाहिजे असतील तर पंजा धरून वर मनगट दाबतो मी. विचारा बाबांना."

"पंजा म्हणजे चार? कुठला हिशेब हा?" यजमान म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांचे दोन्ही हात दोरीवर होते, उघडे. दोरी वळताना हात झाकता येत नाही.

 केळीवाल्यालाही आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, तो पंचा झटकायला लागला. आबांनी दोरीला गाठ मारली.

"हात काढला होता का त्याने?" त्यांनी केळीवाल्याला विचारलं.

"काढला होता."

"मग झालं. धरलेस पाच, पाच द्यावे लागतील."

"बाबा, सवयीनं धरलं हो."

"माहीत आहे. सवयीनंच होतं. माणसानं तेव्हा तोंड उघडायचं नसतं, पैसे द्यायचे असतात."

हे ते केळीवाल्याला म्हणाले, पण मी दारात उभी होते आणि मला मोडवाल्याचं दुकान दिसत होतं.

केळीवाल्याने कुरकुरत आणखी नोटा काढल्या. "देतो. पण पुढच्या खेपेला तुम्ही बसा. हा पोराचा हात महाग आहे, मला परवडणार नाही."

"बसतो," आबा म्हणाले, यजमानांकडे न पाहता.

 टेम्पो गेल्यावर यजमानांनी पैसे माझ्याकडे दिले. त्यातून पुढच्याच आठवड्यात व्हॉल्व्ह आला. मोटारीला अजून महिना लागला, तोवर शेजाऱ्याकडून पाणी घेतलं आणि त्याचं मोगऱ्याआडचं कुतूहल माफ केलं.

त्या संध्याकाळी यजमानांनी खाटेखालून तलवार काढली. म्यानातून ओढून मूठ धरून पाहिली. करंगळी बाहेर. दुसऱ्या तऱ्हेने धरली. बाहेरच. बराच वेळ ते तशीच धरून बसले. मग मला म्हणाले, "त्या मोडवाल्यानंही पंजाच धरला होता का?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी पंच्याखाली होते का?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी चुकवून त्यांनी ओट्याच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या. तलवार आणून आबांसमोर जमिनीवर ठेवली. आबांनी ती उचलली, खुंट्यांवर ठेवली, मागे सरून पाहिली.

"डावी खुंटी वर गेली," ते म्हणाले.

"काढून पुन्हा ठोकू?"

"राहू दे."

ती आजही तिरकी आहे. पुढे आबांनी त्याच दुकानातून आणखी दोन तलवारी आणि एक कट्यार घेतली. मधे मधे वर्षं गेली, पण घेतली. मी डब्यातून पैसे दिले आणि पंपाची कामं आधी उरकून घेतली. त्या तिन्ही वस्तूंच्या मुठी बघितल्याशिवाय त्यांनी पंचा पुढे केला नाही. दर पावसाळ्याच्या आधी मी चारही काढून खोबरेलाने पुसते. पाहुण्यांत कुणीतरी पहिल्या तलवारीची किंमत विचारतंच. मी सांगते, रास्त पडली.

आबांची नजर गेली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. मोतीबिंदू काढला, तरी फार फरक पडला नाही. लोंगर त्यांना हाताने चाचपून कळायचा, पण वाडीत फिरणं जमेना. एका रविवारी केळीवाला आला, तोही थकला होता. यजमान घरातच होते. आबांनी त्यांना नाही, मला हाक मारली.

"इकडे ये. बस."

"कुठे?"

"माझ्या जागी."

मी हात पदराला पुसत बसले. केळीवाला गोंधळला. पंचा त्याच्या हातातच राहिला. "बाबा, सूनबाईंचा हात मी कसा धरू? बरं दिसतं का ते?"

"पंचा दुहेरी कर," आबा म्हणाले. "एक पदर मधे राहू दे. बोटं कापडातूनही मोजता येतात."

त्याने पंचा दुहेरी केला. मी हात पुढे केला. कापडाखाली तो थोडा थबकला. त्याची सवय कुठल्या हाताची होती, मला माहीत होतं. आबांना दिसत नव्हतं, तरी त्यांना तो थबकलेला कळला.

"हिचा पंजा पाचाचा आहे," आबा म्हणाले. "लक्षात ठेव. आणि ही तुला एकही बोट फुकट देणार नाही."

केळीवाल्याने तीन बोटं धरली. मी त्याची चार धरली आणि हात तिथेच ठेवला.